दोन वर्षांचा घोडा, एक दोर आणि भरपूर संयम : ‘रेनिंग’ची तयारी खोगीर घालण्याआधीच कशी सुरू होते?

मैदानाच्या एका टोकाकडून घोडा भरधाव सुटतो. स्वाराने लगाम एकाच हातात धरलेला असतो आणि तोही सैल. ठरलेल्या जागेपलीकडे गेल्यावर स्वार एकच शब्द उच्चारतो, ‘व्हो’. त्यासरशी घोडा मागचे पाय पोटाखाली घेतो, बसल्यासारखा होतो आणि मागचे खूर मातीवरून वीस-तीस फूट घसरत जातात. पुढचे पाय मात्र चालतच असतात. धुळीचा लोट उठतो आणि प्रेक्षक शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतात.

‘यलोस्टोन’ ही अमेरिकन मालिका पाहणाऱ्यांनी हा प्रकार पडद्यावर पाहिला असेल. या खेळाचं नाव रेनिंग. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर एका शब्दावर असं थांबतं, तेव्हा स्वाराची मांड आणि त्याचा लगाम यांचं कौतुक होतं. पण या थांबण्याचे पहिले धडे घोड्याच्या पाठीवर कुणी बसण्याआधीच दिलेले असतात. जमिनीवर उभं राहून, हातात एक दोर घेऊन. घोडेवाल्यांच्या भाषेत याला ‘ग्राउंडवर्क’ म्हणतात.

हे ग्राउंडवर्क म्हणजे काय, त्यात कोणते सराव असतात, प्रत्येक सराव पुढे कशाच्या कामी येतो आणि ते घाईत उरकलं तर किंमत कोण मोजतं, हे समजून घेऊया.

रेनिंग म्हणजे नेमकं काय?

रेनिंगचं मूळ गुरं राखण्याच्या कामात आहे. मेक्सिको आणि कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश भाषिक गुराख्यांना ‘वाकेरो’ म्हणत. कळपातून एखादं जनावर वेगळं काढायचं, ते पळालं तर आडवं जायचं, एका हातात फासाचा दोर आणि दुसऱ्या हातात लगाम, असं त्यांचं काम. त्यासाठी घोडा चटकन थांबणारा, जागच्या जागी वळणारा आणि हलक्या इशाऱ्यावर चालणारा लागे. या कौशल्याची पुढे स्पर्धा झाली.

अमेरिकेतल्या ‘नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशन’ची स्थापना १९६६ सालची. स्पर्धेत एका वेळी एकच घोडा आणि एकच स्वार मैदानात उतरतो आणि आधी ठरवून दिलेला क्रम पार पाडतो. त्यात मुख्यतः या गोष्टी असतात : लहान-मोठी, संथ-वेगवान वर्तुळं, दौडीत पुढे पडणाऱ्या पायाची अदलाबदल, एका मागच्या पायावर भिंगरीसारखं फिरणं, म्हणजे ‘स्पिन’, घसरत थांबणं, म्हणजे ‘स्लाइडिंग स्टॉप’, थांबताक्षणी उलट दिशेला वळून पुन्हा दौडत निघणं, म्हणजे ‘रोलबॅक’, आणि सरळ रेषेत मागे सरकणं.

गुणांची सुरुवात ७० पासून होते. प्रत्येक हालचालीला उणे दीड ते अधिक दीड असे अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यांत गुण मिळतात, चुकांचे दंडगुण वेगळे वजा होतात. घोडा किती वेगात फिरला एवढंच परीक्षक पाहत नाहीत. तो स्वाराच्या इशाऱ्याला विरोध न करता, राजीखुशीने चालला का, हेही ते पाहतात. तोंड उघडणं, मान वर झटकणं, शेपूट रागाने फिरवणं ही सगळी नाराजीची चिन्हं मानली जातात. ही राजीखुशी ऐन स्पर्धेत पैदा करता येत नाही, तिचा पाया आधीच घालावा लागतो.

घोडा शिकतो कसा?

ग्राउंडवर्क समजण्यासाठी आधी घोड्याचं डोकं समजून घ्यावं लागतं. घोडा हा गवत खाणारा आणि शिकार होणारा प्राणी. संकट आलं की आधी पळायचं, मग विचार करायचा, हा त्याचा स्वभाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. नेमकं कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं मात्र दिसत नाही. म्हणून कुणी अचानक मागून आलं तर तो लाथ झाडतो. त्यात खोडसाळपणा नसतो, घाबरलेला असतो तो.

घोड्याला शिकवण्याची सगळ्यात जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत म्हणजे दाब आणि सुटका. दोर हलकेच ओढला की घोड्याला थोडं अवघडल्यासारखं होतं. तो वेगवेगळं काही करून पाहतो. हवी ती हालचाल झाली, मग ती तसूभर का असेना, की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. घोड्याच्या लेखी बक्षीस म्हणजे हे सैल सुटणं. कोणती हालचाल केल्यावर दाब गेला, ते तो लक्षात ठेवतो.

या पद्धतीत वेळेला फार महत्त्व आहे. घोड्याने पाऊल मागे टाकलं आणि माणसाने दोर दोन सेकंद उशिरा सोडला, तर तोवर त्याने मान वर केलेली असू शकते. मग तो मान वर करायला शिकतो. शिकवणाऱ्याला वाटतं घोडा हट्टी आहे, प्रत्यक्षात तो दिलेला धडा नीट शिकलेला असतो.

अमेरिकेत टॉम डॉरन्स आणि रे हंट या दोघांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विचाराला मोठं वळण दिलं. तोवर अनेक ठिकाणी तरुण घोड्याला बांधून, दमवून, त्याचं उधळणं मोडून काढत. इंग्रजीत त्याला घोडा ‘मोडणं’ असाच शब्द होता. त्याऐवजी घोड्याला कळेल अशा पद्धतीने, टप्प्याटप्प्याने सुरुवात करण्याचा आग्रह या दोघांनी धरला. आज बहुतेक प्रशिक्षक ‘मोडणं’ऐवजी ‘सुरुवात करणं’ असं म्हणतात.

अर्थात या नव्या पद्धतींभोवतीही काही गोड समज तयार झाले. गोल कुंपणात मोकळा घोडा काही वेळ पळवला की तो माणसामागे चालू लागतो, कारण त्याने माणसाला कळपाचा नायक मानलेलं असतं, असं सांगितलं जातं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरून पाहिली. घोडे त्या गाडीकडेही जायला शिकले. म्हणजे हा चमत्कार नायकत्वाचा नसून दाब आणि सुटकेचा आहे. शिकवणाऱ्यासाठी ही चांगलीच बातमी आहे, कारण नायक होण्यापेक्षा दोर वेळेवर सोडणं शिकता येण्यासारखं आहे.

सुरुवातीला काय लागतं?

साहित्य फारसं नाही. तोंडात न घालता फक्त डोक्यावर बसणारी दोरीची म्होरकी, बारा-चौदा फुटांची जाड बागडोर, टोकाला कापडाची पट्टी बांधलेली काठी आणि एक सुरक्षित आवार. अनेक प्रशिक्षक पन्नास-साठ फूट व्यासाचं गोल कुंपण वापरतात. त्यात घोडा कोपऱ्यात अडकत नाही. खालची माती घट्टही नको आणि पाय रुतेल इतकी भुसभुशीतही नको.

माणसासाठी दोन नियम पक्के. एक, दोर कधीही हाताभोवती किंवा बोटांभोवती गुंडाळायचा नाही. घोडा उधळला तर बोटं जातात. दोन, हातमोजे, पायात बूट आणि डोक्यावर हेल्मेट हवं. पाठीवर बसायचं नसलं तरी लाथ लागू शकते.

सराव १ : माणसाची जागा, घोड्याची जागा

पहिला धडा फार साधा वाटतो. माणूस चालला की घोड्याने चालायचं, थांबला की थांबायचं, आणि न बोलावता माणसाच्या अंगावर यायचं नाही. बागडोर हातात सैल असते. माणूस थांबतो, ‘व्हो’ म्हणतो आणि घोडा पुढे गेलाच तर दोर हलवून त्याला दोन पावलं मागे घेतो.

रेनिंगच्या दृष्टीने इथेच सगळ्यात मौल्यवान गोष्ट घडते. ‘व्हो’ या शब्दाला अर्थ मिळतो. म्हणून अनुभवी प्रशिक्षक हा शब्द जपून वापरतात. घोडा नुसता हळू व्हायला हवा असेल, शांत करायचा असेल, खरारा करताना तो चुळबूळ करत असेल, तर दुसरा शब्द वापरायचा. ‘व्हो’ म्हणजे चारही पाय थांबवणं, दुसरं काही नाही. दिवसातून वीस वेळा उगाच उच्चारलेल्या शब्दावर पुढे भर वेगात कोणता घोडा थांबेल?

सराव २ : घाबरण्याच्या गोष्टींची ओळख

खोगिराचा आवाज, पोटाला आवळणारा तंग, पायाला लागणारा दोर, फडफडणारं कापड, लाउडस्पीकर, टाळ्या. स्पर्धेतल्या घोड्याच्या आयुष्यात या गोष्टी येणारच. त्यांची ओळख हळूहळू करून दिली जाते. दोर आधी जमिनीवर, मग खांद्यावर, मग पाठीवर, मग पायांवर अलगद टाकायचा. घोडा ताठरला तर तेवढ्यावरच थांबायचं, त्याने मान खाली केली, श्वास सोडला की दोर काढून घ्यायचा.

यात दोन चुका होतात. घोडा घाबरून हलत असतानाच दोर काढून घेतला, तर हललं की संकट टळतं हे तो शिकतो. आणि एकदम सगळं अंगावर टाकून तो निपचित उभा राहीपर्यंत थांबलं, तर तो शांत दिसतो, पण आतून गोठलेला असतो. असा घोडा पुढे कधीतरी अचानक उसळतो. शिवाय प्रत्येक गोष्ट डावीकडून आणि उजवीकडून अशी दोन्ही बाजूंनी दाखवावी लागते. एका डोळ्याने पाहिलेलं घोड्याच्या दुसऱ्या बाजूला मुळीच पोहोचत नाही, हा जुना समज संशोधनाने खोडून काढला आहे. तरीही दुसऱ्या बाजूने तीच वस्तू वेगळी दिसते आणि घोडा पुन्हा दचकू शकतो, हा रोजचा अनुभव आहे.

सराव ३ : मान बाजूला वळवणं

घोडा स्थिर उभा. प्रशिक्षक त्याच्या खांद्यापाशी उभा राहून बागडोर हलकेच आपल्याकडे घेतो. घोड्याने नाक बाजूला आणून दोर स्वतःहून सैल केला की लगेच सोडायचं. सुरुवातीला दोन इंच, काही दिवसांनी नाक जवळपास बरगड्यांपर्यंत येतं. दोन्ही बाजूंना.

याचे दोन फायदे. दोराच्या ताणाला झुगारायचं नसतं, त्याच्या दिशेने सैल व्हायचं असतं, हे घोडा इथे शिकतो. पुढे तोंडात लगाम आल्यावर त्याचं तोंड हलकं राहतं ते यामुळे. दुसरा फायदा सुरक्षेचा. पहिल्यांदा पाठीवर बसलेल्या स्वाराला घोडा उधळतोय असं वाटलं, तर एका बाजूचा लगाम घेऊन मान वळवता येते आणि वेग मोडता येतो.

मात्र नुसती मान रबरासारखी झाली आणि पाय मात्र सरळच पळत राहिले, तर उपयोग नाही. म्हणून हा सराव पुढच्या सरावाला लगेच जोडला जातो.

सराव ४ : मागचा भाग बाजूला सरकवणं

घोड्याची ताकद मागच्या पायांत असते. पुढे झेप, उसळी, लाथ सगळं तिथूनच येतं. प्रशिक्षक घोड्याच्या डाव्या बाजूला उभा राहून त्याच्या पुठ्ठ्याकडे रोखून पाहतो, गरज पडल्यास काठीने हलका इशारा करतो. घोड्याने डावा मागचा पाय उजव्या पायाच्या पुढून टाकत पुठ्ठा पलीकडे नेला पाहिजे. पाय असे एकमेकांना ओलांडतात तेव्हा पुढे ढकलण्याची ताकद तुटते. गाडीचा क्लच दाबल्यासारखंच हे. म्हणून तरुण घोड्याचा हा आपत्कालीन ब्रेक मानला जातो.

रेनिंगच्या घोड्याबाबत इथे एक खबरदारी असते. पुढे स्पिन करताना त्याचा मागचा एक पाय जागेवर रोवलेला हवा असतो. रोज अर्धा तास मागचा भागच फिरवत राहिलं, तर प्रत्येक वळणावर पुठ्ठा बाहेर फेकायची सवय लागते. म्हणून हा सराव नीट शिकवायचा, पण त्याचं दळण दळत बसायचं नाही.

सराव ५ : पुढचा भाग सरकवणं

हा स्पिनचा बीजमंत्र. प्रशिक्षक डाव्या बाजूला, मान आणि खांद्याच्या जवळ उभा राहतो आणि घोड्याच्या डोक्यापासून खांद्यापर्यंतच्या भागाकडे हाताने इशारा करत एक पाऊल पुढे टाकतो. घोड्याने उजवीकडे वळायचं. डावा पुढचा पाय उजव्या पुढच्या पायाच्या पुढून ओलांडला पाहिजे आणि उजवा मागचा पाय जागेवर राहिला पाहिजे.

सगळं लक्ष त्या ‘पुढून’ या शब्दावर. घोडा वळताना मागे सरकला, तर पाय मागून ओलांडला जातो, खूर एकमेकांवर आपटतात आणि स्पिनची लय कधीच सापडत नाही. त्यामुळे जाणकार आधी घोड्याला छोट्या वर्तुळात चालवतात, पुढे जाण्याची ओढ कायम ठेवतात आणि मग वर्तुळ आवळत एखाद-दुसरं पाऊल मागतात. पहिल्या आठवड्यात एक स्वच्छ पाऊल मिळालं तरी पुरे. स्पर्धेत एका दिशेला साधारण चार पूर्ण फेऱ्या वेगाने घ्याव्या लागतात. त्या सगळ्या फेऱ्या या एका पावलाच्याच आवृत्त्या असतात.

सराव ६ : मागे सरकणं

दोर हलवून किंवा नाकावरच्या पट्टीला हलका दाब देऊन घोड्याला मागे घेतलं जातं. मागे सरकताना पाय तिरक्या जोडीने उचलले जातात : पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. ही लय दिसली म्हणजे घोडा ओढला न जाता स्वतः चालतोय. पाठ थोडी उचललेली, मान खाली, पाय घासत न नेता उचललेले, असं चित्र हवं.

याचा थेट संबंध घसरत थांबण्याशी आहे. स्लाइडिंग स्टॉपमध्ये घोडा वजन मागे घेतो, पाठ गोलसर करतो आणि मागचे पाय पोटाखाली आणतो. मागे सरकताना शरीर हेच शिकतं. ‘व्हो’ म्हटल्यावर लगेच दोन-तीन पावलं मागे, असं अनेकदा केलं की शब्द ऐकताच घोडा आपणहून वजन मागे टाकायला लागतो. घसरण्याचा सराव मात्र जमिनीवरून कधीच करत नाहीत. त्यासाठी मागच्या खुरांना रुंद, गुळगुळीत नाल लागतात, खाली घट्ट थर आणि वर मोकळी माती असं मैदान लागतं, आणि घोड्याचं शरीर तयार असावं लागतं. ते काम फार पुढचं.

सराव ७ : गोलात फिरणं आणि वळणं

घोड्याला लांब दोरावर किंवा कुंपणात गोल फिरवण्याला आपल्याकडे ‘कावा’ हा जुना शब्द आहे. चाल, दुडकी आणि संथ दौड अशा तिन्ही गतींत तो सांगेल तसा फिरला पाहिजे. त्याला दमवायचं नसतं. गती बदलण्याचे इशारे कळणं, तोल सांभाळणं आणि कान माणसाकडे ठेवणं, हे शिकवायचं असतं.

यात रोलबॅकची तयारी लपलेली असते. घोडा कुंपणाच्या कडेने दुडकीत जात असताना त्याला थांबवायचं आणि कुंपणाकडे तोंड करून उलट दिशेला वळवायचं. समोर कुंपण असल्याने त्याला पुढे घुसता येत नाही. त्यामुळे तो आपोआप वजन मागच्या पायांवर घेतो, पुढचा भाग उचलून वळतो आणि निघतो. हेच वळण पुढे स्वारासह, कुंपणाशिवाय, भर मैदानात घ्यायचं असतं.

सराव ८ : मागून चालवणं

शेवटचा टप्पा दोन लांब दोरांचा. घोड्याच्या पाठीवर पट्टा किंवा हलकं खोगीर चढवलेलं असतं, त्याच्या कड्यांमधून दोन्ही दोर मागे येतात आणि प्रशिक्षक सुरक्षित अंतरावरून मागे चालत घोड्याला हाकतो. बैलगाडीच्या कासऱ्यासारखंच. डावीकडे, उजवीकडे, थांब, मागे, हे सगळं आता डोळ्यांसमोर माणूस नसताना करायचं. स्वार पाठीवर बसला की घोड्याला तो समोर दिसणार नसतोच. त्यामुळे जमिनीवरचं शिक्षण आणि स्वारी यांच्यामधला हा पूल आहे. साधी, दोन भागांची, मधे सांधा असलेली लोखंडी कडी तोंडात घालायची सुरुवातही अनेक जण याच सुमारास करतात.

रोज किती वेळ?

तरुण घोड्याचं लक्ष फार वेळ टिकत नाही. वीस ते तीस मिनिटं पुरतात. एक गोष्ट जमली की तिथेच थांबायचं, ‘आणखी एकदा’चा मोह टाळायचा. दिवसाचा शेवट जमलेल्या गोष्टीवर झाला तर दुसऱ्या दिवशी घोडा तिथूनच पुढे जातो.

शरीराचं गणित त्याहून नाजूक आहे. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या लांब हाडाचं खालचं टोक साधारण दोन ते अडीच वर्षांच्या वयात पक्कं होतं. पाठीच्या मणक्यांना त्याहून बराच जास्त काळ, पाच वर्षं किंवा त्यापुढे लागतो. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात स्नायू नसतातच. तिथे फक्त हाडं, कंडरा आणि अस्थिबंध. लहान वर्तुळात तासन् तास पळवलं तर आतल्या बाजूच्या पायावर सगळा भार येतो. सांधे दुखावतात आणि कधी त्याची खूण वर्षभराने लंगडण्यात दिसते. उलट बाजूही खरी आहे. वाढत्या वयात अजिबात हालचाल नसलेल्या घोड्याची हाडं कमकुवत राहतात. मोजका, बदलता, सरळ रेषेतला व्यायाम हाडांना बळ देतो. म्हणून वर्तुळं मोठी ठेवायची, दिशा वारंवार बदलायची आणि पायांना संरक्षक पट्टे बांधायचे.

घोडा काय सांगतोय, हेही पाहावं लागतं. कान मागे चिकटवणं, शेपटीचे फटकारे, दात खाणं, मान आभाळाकडे, श्वास रोखणं ही ताणाची चिन्हं. घोडा ओठ चाटतो, जबडा हलवतो तेव्हा ‘त्याला पटलं’ असा अर्थ काढण्याची पद्धत आहे. पण ताण चढून उतरतानाही ही हालचाल दिसते. त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा मान, डोळे, श्वास आणि पाय एकत्र पाहणं बरं.

मग घाई कसली?

इथे खेळाच्या अर्थकारणाचा प्रश्न येतो. रेनिंगमधली सगळ्यात प्रतिष्ठेची स्पर्धा म्हणजे ओक्लाहोमा सिटीतली ‘फ्युच्युरिटी’. १९६६ साली ओहायोतल्या कोलंबस इथे ती पहिल्यांदा झाली आणि १९८६ पासून ओक्लाहोमा सिटीत होते. ती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. घोड्यांचं वय १ जानेवारीपासून धरतात. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू पुढच्या जानेवारीला कागदोपत्री एक वर्षाचं होतं. म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस मैदानात उतरणारा ‘तीन वर्षांचा’ घोडा प्रत्यक्षात साडेतीन वर्षांच्या आसपास असतो.

आता उलट मोजूया. साडेतीनाव्या वर्षी स्पिन, स्लाइड, रोलबॅक सगळं एका हातातल्या लगामावर हवं, तर दोन वर्षांचा होता होताच त्याच्यावर खोगीर चढायला हवं. काही घोड्यांवर तर त्याच्याही थोडं आधी चढतं. या हिशेबात ग्राउंडवर्कच्या वाट्याला कधी काही आठवडे येतात, कधी काही दिवस. जुने वाकेरो मात्र घोड्याला आधी तोंडात काही न घालता नाकपट्टीच्या ‘हाकिमा’वर शिकवत, मग दुहेरी लगामावर आणले जाई, मग पूर्ण लगामावर. हा प्रवास कित्येक वर्षांचा असे. इंग्रजीतला ‘हॅकामोर’ हा शब्द याच ‘हाकिमा’वरून आला. शब्द राहिला, पण सवड गेली.

यावरून वाद झडतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २००० साली रेनिंगला मान्यता दिली आणि २००२ पासून जागतिक अश्वक्रीडा स्पर्धांमध्ये रेनिंग दिसू लागलं. पण घोड्यांचं वय, देखरेख आणि औषधांचे नियम यांवरून महासंघ आणि अमेरिकन संघटनांचं बिनसलं. २०२१ मध्ये महासंघाने रेनिंगला आपल्या क्रीडाप्रकारांच्या यादीतून वगळलं.

लवकर सुरुवात करण्याच्या बाजूनेही मुद्दे आहेत. वाढत्या हाडांना मोजका भार हवाच, लहान वयात घोडा पटकन शिकतो, आणि चार-पाच वर्षं नुसतं पोसणं लहान मालकाला परवडत नाही, असं अनेक प्रशिक्षक म्हणतात. काही जण ग्राउंडवर्कलाही अवास्तव महत्त्व देऊ नये असं मानतात, कारण खरं शिक्षण शेवटी पाठीवरूनच होतं. यात तथ्य आहे. जमिनीवर आठ महिने वर्तुळं मारत राहिलेला घोडा कंटाळतो आणि झिजतो. पण पाया घालायला वेळ कमी पडला, की ती कसर पुढे टाच आणि लगाम जोरात वापरून भरून काढली जाते, हेही तितकंच खरं. तेव्हा किंमत घोड्याचं तोंड, त्याची पाठ आणि त्याचे सांधे मोजतात.

घोडा तयार झाला, हे कसं ओळखायचं?

तारखेपेक्षा काही साध्या खुणा उपयोगी पडतात. दोर सैल असताना घोडा सोबत चालतो आणि ‘व्हो’वर थांबतो. दोन्ही बाजूंना मान हलकी वळते. मागचा आणि पुढचा भाग वेगवेगळा, बोटाच्या इशाऱ्यावर सरकतो. तो सरळ रेषेत मागे जातो. खोगीर घालून तिन्ही गतींत पाठ न ताठरता फिरतो. तंग आवळताना श्वास रोखत नाही. दचकला तरी पळण्याऐवजी माणसाकडे पाहतो.

यातली एखादी खूण नसेल, तर स्वार चढवण्याऐवजी त्या सरावाकडे परत जायचं. यात हरण्यासारखं काही नाही. मराठीत घोड्याला शिकवणाऱ्यासाठी ‘चाबुकस्वार’ असा शब्द आहे. नंदुरबारमधल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारापासून ओक्लाहोमाच्या मैदानापर्यंत, घोडा विकत घेणारा जाणकार माणूस आधी त्याचं थांबणं, उभं राहणं आणि माणसाजवळचं वागणं पाहतो. चाबूक न उचलता ते शिकवता येतं का, हे पाठीवर बसायच्या आधीच ठरलेलं असतं.